होडी घेऊ नका, तांडेल गाठा

गळाने मासे धरण्याचा नाद गेल्या काही वर्षांत मुंबई-ठाणे-पुण्याकडच्या नोकरदार मंडळींना चांगलाच लागला आहे. रविवारी पहाटे वरळीच्या कठड्यावर, वसईच्या जेटीवर किंवा रेवदंड्याच्या खाडीकाठी चक्कर टाका. रॉड घेऊन उभ्या असलेल्यांत कोळी-गाबीत थोडे आणि बँकेतले, आयटीतले, दवाखान्यातले जास्त दिसतील. दोन-तीन हंगाम काठावरून गरवून झाले, शिंगाळे आणि बोटभर खरब्या काढून झाल्या, की नजर आपोआप आत जाते. सुरमई तिकडे, तांब तिकडे, मोठा हेकरू तिकडच्या खडपात. तिकडे जायला होडी लागते. मग दसऱ्याच्या सुमारास समुद्र निवळला की कुणीतरी म्हणतोच, "दर वेळी भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा चौघांनी मिळून आपलीच एक घेतली तर?"

असा विचार ज्यांच्या डोक्यात घोळतो आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि उत्तर आधीच सांगून टाकतो. घेऊ नका. ज्याचे आयुष्य त्या पाण्यावर होडी चालवण्यात गेले आहे अशा तांडेलाच्या होडीतून जा आणि त्याला पुरते पैसे द्या. याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे येईनच. पण तुम्ही शनिवार-रविवारचे दर्यावर्दी असाल तर त्या अपवादांत तुम्ही बसणार नाही.

आधी पैशाचे बघू. आकडे ठोकळ आहेत, तुमच्या बंदरात ते थोडे इकडेतिकडे होतील, पण गणित मोडण्याइतके नाही. अठरा-वीस फुटांची फायबरची होडी, तिला चाळीस हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड इंजिन, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, फिशफाइंडर असे सगळे मिळून सहा लाख धरा. दहा वर्षांत ही किंमत संपली असे मानले तर वर्षाला साठ हजारांची झीज. तेच सहा लाख मुदत ठेवीत पडले असते तर वर्षाकाठी चाळीसेक हजार व्याज आले असते, ते गेले. होडीवर नजर ठेवायला, पावसाचे आणि लाटेचे पाणी उपसायला बंदरातला एक माणूस लागतोच. महिना अडीच हजारांनी त्याचे तीस हजार. पावसाळ्याआधी होडी वर ओढून शाकारायची, पावसाळ्यानंतर बुडाला चिकटलेली कालवे आणि शेवाळ खरवडून रंग द्यायचा, इंजिनाची सर्व्हिस करायची, बॅटरी बदलायची, यात चाळीस हजार सहज जातात. विमा आणि कागदपत्रे यांचे दहा हजार. बेरीज झाली एक लाख ऐंशी हजार, आणि होडी अजून धक्क्यालाच बांधलेली आहे.

आता ती बाहेर काढू. चाळीस हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण वेगात तासाला पंधराएक लिटर पेट्रोल पिते. अर्ध्या दिवसाचे पेट्रोल, बर्फ, आमिषाची कोळंबी आणि माकूल, सोबतीला एक खलाशी, असे फेरीला साडेचार हजार. हीच अर्ध्या दिवसाची फेरी भाड्याच्या होडीने, तेल आणि माणूस धरून, आठ हजारांना पडते असे समजा. म्हणजे स्वतःच्या होडीने दर फेरीला साडेतीन हजार वाचले. एक लाख ऐंशी हजारांची भरपाई त्यातून करायची तर वर्षाला ५२ फेऱ्या हव्यात. दर आठवड्याला एक, भर आषाढातसुद्धा.

"पण आम्ही चौघे आहोत," हे उत्तर मला नेहमी मिळते. भाडेही चौघांतच वाटले जाते, हे त्या उत्साहात सुटून जाते. शिवाय चौघांपैकी एकाची बदली होते, एकाच्या पाठीचे दुखणे निघते, आणि उरलेले दोघे 'या महिन्याचे रखवालदाराचे कुणी दिले' यावरून एकमेकांशी बोलेनासे होतात.

बरे, ५२ फेऱ्या करायचे मनात आणले तरी समुद्र त्या करू देईल का? आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र ही तिची दोन्ही कारणे रास्त आहेत, आणि तुम्ही हौशी आहात म्हणून इंजिन लावलेल्या होडीला त्यातून सूट मिळत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणजे दर्या शांत झाला असे मानायची रीत आहे, पण लहान होडीने बाहेर जायला सप्टेंबर सरेपर्यंत थांबणारेच शहाणे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. सकाळी जमिनीकडून मतलई वाहत असते, पाणी सपाट असते. मार्च उजाडला की दुपारी वायव्येचा वारा उठू लागतो, एप्रिल-मेमध्ये तो रोजचाच होतो, आणि अकरा वाजता आरशासारखे असलेले पाणी दोन वाजता पांढरे झालेले दिसते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरही बिनघोर नसतो. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान वादळ कोकणातल्या बंदरांत अजून कुणी विसरलेले नाही. ऐन हंगामात, बाहेर गेलेल्या नौका परतायच्या आत ते आले होते. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या वादळांनी तर बंदरात बांधून ठेवलेल्या होड्याही फोडल्या. तुमची होडी किनाऱ्यावर आणि तुम्ही डोंबिवलीत असाल तर अशा रात्री तिचा दोर आणखी एक वेढा देऊन कोण बांधणार?

त्यात तिथी आली. कोकणातल्या म्हाताऱ्यांचा हिशेब साधा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या. तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाण्याला ओढ फार असते, विशेषतः मुंबई-रायगडच्या बाजूला. गाळ उठून पाणी गढूळ होते आणि शिसे कितीही जड लावले तरी गळ तळाशी टिकत नाही. अष्टमीच्या आगेमागे भांग असते, पाण्याची ओढ कमी असते, तेव्हा तळाची मासेमारी जमते. तुमची सुट्टी रविवारी आणि भांग बुधवारी, असे महिन्यातून दोनदा तरी होणारच. मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, ऑफिसची कामे यांत जे रविवार जातात ते वेगळेच. मी ज्या हौशी होडीवाल्यांना ओळखतो त्यांच्यात वर्षाला दहा-बारा फेऱ्या करणारा माणूस मेहनती गणला जातो.

आणि न वापरलेली होडी वापरलेल्या होडीपेक्षा लवकर खराब होते. हे पटायला कठीण जाते, कारण घरातली न वापरलेली वस्तू आपल्याला नवी वाटते. माझ्या ओळखीच्या एका ठाणेकर गृहस्थांनी रायगडातल्या एका खाडीत होडी ठेवली होती. दिवाळीनंतर मित्रांना घेऊन गेले. दोरी ओढून ओढून हात सोलले, इंजिन काही घेईना. गावातला मेकॅनिक आला, त्याने कार्बुरेटर उघडला तर जेटमध्ये चिकट पिवळा थर. टाकीतले पेट्रोल बाटलीत काढून उन्हात धरले तर खाली बोटभर पाणी वेगळे झालेले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि समुद्रकाठच्या हवेत ओलाव्याला काय तोटा? बहुतेक आउटबोर्ड इंजिने दहा टक्के इथेनॉल सोसेल अशा बेताने बनवलेली असतात. रोज चालणाऱ्या होडीत हे पेट्रोल संध्याकाळपर्यंत जळून जाते. दोन महिने उभ्या असलेल्या होडीत ते मुरते.

मग मेकॅनिकने इंजिनाच्या पायाशी बसवलेला जस्ताचा ठोकळा दाखवला. तो मुद्दामच बसवतात, म्हणजे खारे पाणी इंजिनाच्या अॅल्युमिनियमऐवजी आधी जस्त खाते. त्याचे चिंचोक्याएवढे झाले होते. तो वेळच्या वेळी बदलावा लागतो हे त्या गृहस्थांना विकणाऱ्याने सांगितले होते की नाही कोण जाणे. प्रत्येक फेरीनंतर इंजिनाचा पाय गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून दहा मिनिटे चालवायचा असतो, नाहीतर आतल्या नळ्यांत मीठ साठते. इंजिन चालू असताना मागून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते. ती थांबली म्हणजे आतला रबरी पंखा गेला, आणि इंजिन लगेच बंद केले नाही तर ते तापून जाम होते. तांडेलाचे डोळे दर दोन मिनिटांनी त्या धारेकडे वळतात, त्याला ते कळतही नाही. आपले डोळे रॉडच्या टोकावर असतात.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मासेमारी नौकेची नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडे, प्रवासी आणि पर्यटनाच्या नौकांचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर अधिकाऱ्याकडे. तुमची होडी यांपैकी कशात बसते हे विकत घेण्याआधी त्या कार्यालयात जाऊन विचारा, विकणाऱ्याला विचारू नका. २००८ च्या नोव्हेंबरात दहशतवादी 'कुबेर' या पळवलेल्या मासेमारी नौकेतून मुंबईकडे आले, तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे कुणी सहज बघत नाही. मच्छीमारांनाही ओळखपत्र जवळ बाळगावे लागते; नोंदणी नसलेली, नवखी माणसे भरलेली होडी सागरी पोलिसांनी थांबवली तर तक्रारीला जागा नाही.

एक पळवाट मात्र सर्रास सुचवली जाते, तिच्याबद्दल बजावून सांगतो. "गावातल्या एखाद्या कोळ्याच्या नावावर घ्या, परवाना मिळेल, सवलतीही मिळतील." असे करू नका. मच्छीमारांच्या सवलती मच्छीमारांसाठी आहेत, हा एक भाग. दुसरा भाग तुमच्या अंगाशी येणारा आहे : अपघात झाला तर कायद्याने जबाबदार तो गरीब माणूस, विम्याचे पैसे त्याच्या नावावर, होडीही त्याचीच. भांडण झाले तर तुमच्या हातात एक चिठ्ठीही नसते. चांगली दोस्ती मोडायचा इतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

इथवर खर्च आणि कटकट झाली. पण समजा तुमच्याकडे पैसा भरपूर आहे आणि कटकटीची हौसही आहे. तरीही मी नकोच म्हणेन, कारण होडी विकत मिळते पण जागा मिळत नाही. समुद्रात मासे सगळीकडे सारखे नसतात. ते खडपावर असतात, बुडालेल्या जहाजाच्या आसऱ्याला असतात, जिथे तळ एकदम खोल जातो तिथे असतात. अशा जागा तांडेलाच्या डोक्यात असतात आणि त्या तो खुणांनी ठेवतो. किनाऱ्याकडे तोंड करून तो बघतो : देवळाचा कळस मागच्या टेकडीवरच्या एकट्या माडाच्या पोटात आला पाहिजे, आणि उजवीकडे किल्ल्याचा बुरूज दीपगृहाला चिकटला पाहिजे. दोन्ही जुळले की इंजिन बारीक करतो, दोन वाव पुढे जातो, पाण्याच्या ओढीचा अंदाज घेऊन नांगर टाकतो, आणि होडी मागे सरकत बरोबर खडपाच्या कडेवर येऊन थांबते. कडेवर थांबणे महत्त्वाचे. थेट खडपावर थांबलात तर गळ अडकतात, लांब थांबलात तर तासभर नुसते शिंगाळे. हल्ली त्याच्याकडेही जीपीएस असते, पण खुणा बापाकडून आलेल्या असतात आणि जीपीएसची बॅटरी उतरते.

हे ज्ञान तुम्हाला फिशफाइंडरच्या पडद्यावर मिळणार नाही असे नाही. मिळेल, काही वर्षांनी, बरेच गळ तोडून. तोवर त्या तांडेलाची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि त्याच्या बापाच्या आयुष्याची कमाई तुम्हाला आठ हजारांत मिळते आहे, आणि तीही चौघांत वाटून. घासाघीस करायला लाज वाटावी असा हा सौदा आहे.

जाता जाता एक. मालवणला किंवा गोव्याला दोन फेऱ्या करून आलेले काही वीर आंग्रिया बँकेची भाषा करतात. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा तो बुडालेला पठारी भाग विजयदुर्गापासून समुद्रात शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. वीस फुटी होडीने तिकडे जायचा विचार मनात आला तर आधी घरी विचारा, घरचे बरोबर उत्तर देतील.

आता भाड्याच्या होडीबद्दल, आणि इथे मी गोड बोलणार नाही. मासेमारीचा परवाना असलेल्या होडीला माणसे फिरवण्याचा परवाना आपोआप मिळत नाही, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसते आणि काही होडीवाल्यांना माहीत असून ते सांगत नाहीत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा वाचलेल्यांनी सांगितले ते हेच, की अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. सक्ती व्हायला एवढी माणसे जायला हवी होती का, हा प्रश्न सरकारला विचारावा तसा आपल्यालाही विचारावा, कारण 'उकडते' म्हणून जॅकेट काढून बुडाखाली घेणारे आपणच असतो.

म्हणून होडी ठरवताना फोनवर आधी पैशाचे बोलू नका. परवाना कुणाचा, किती माणसांचा, हे विचारा आणि पोचल्यावर कागद बघायला मागा. चांगला होडीवाला रागावत नाही. रागावला तर तुमचे काम झाले, दुसरा बघा. सहा जणांची परवानगी असेल तर सहात खलाशी धरला आहे का ते विचारा. जॅकेट मोजून घ्या, एकाचे बक्कल लावून बघा, मूल सोबत असेल तर त्याच्या मापाचे आहे का बघा, कारण मोठ्याच्या जॅकेटमधून मूल पाण्यात खाली निसटते. इंजिन बंद पडले तर काय, हा प्रश्न विचारा. "वल्ही आहेत, नांगर आहे, वायरलेस आहे, भावाची होडी पलीकडेच असते" असे उत्तर आले तर निर्धास्त व्हा. "बंद पडतच नाही" असे आले तर होऊ नका.

त्यानंतर पैसे. वेळ धक्क्यापासून धरायची की पहिला गळ टाकल्यापासून, तेल त्यात आहे का, आमिष कुणाचे, बर्फ कुणाचा, वारा उठला आणि अर्ध्यातून फिरावे लागले तर किती द्यायचे, हे आदल्या दिवशीच बोलून घ्या. धरलेले मासे कुणाचे हेही. बहुतेक जण तुम्हालाच देतात, पण मोठा मासा लागला की माणसाचे मन बदलू शकते, तुमचेही. मी सुचवीन की दोन-तीन मासे तांडेलाच्या घरी जाऊ द्यावेत, आणि ते त्याने मागितल्यावाचून तुम्ही द्यावेत. ठरलेले भाडे मात्र माशांशी जोडू नका. मासा लागला नाही म्हणून पैसे कमी, हा हिशेब समुद्रावर चालत नाही. त्याचे तेल तेवढेच जळले आहे आणि त्याची पहाट तेवढीच मोडली आहे.

आणि तांडेल आज नको म्हणाला तर नको. तुम्ही साताऱ्याहून रात्रभर गाडी चालवून आला असाल, मुलाला वचन दिले असेल, आकाश निळे दिसत असेल, तरी नको. "काका, जरा खाडीच्या तोंडापर्यंत तरी," असा लकडा लावणारे गिऱ्हाईक मी बघितले आहे, आणि आठ हजार बुडायला नको म्हणून मनाविरुद्ध होडी काढणारा तांडेलही. दोघेही चुकले, पण आधी चुकले ते गिऱ्हाईक. आगाऊ रक्कम देताना "तुम्ही नाही म्हणालात तर हे पैसे पुढच्या फेरीत धरा" असे आपणहून सांगा. त्याला खरे बोलणे सोपे जाते. दारूची बाटली गाडीतच राहू द्या.

होडीवर बसल्यावर त्याचे ऐकायचे. उभे राहू नका म्हणाला की बसायचे. सगळ्यांनी मासा बघायला एकाच कडेला धावायचे नाही. लहान पिल्ले परत सोडायची. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला आहे, त्यात आपल्या ताटातले बरेचसे येतात. कासव किंवा करवत मासा गळाला आला तर फोटोसाठी वर ओढू नका, दोर कापा. मालवणच्या काही भागात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे कुठे गळ टाकायचा आणि कुठे नाही हे स्थानिकालाच ठाऊक. घरून नकाशा बघून त्याच्याशी वाद घालू नये.

यात आणखी एक हिशेब आहे, तो माझ्या मते सगळ्यात वजनदार आहे. पर्ससीन आणि एलईडीच्या मासेमारीने लहान होडीवाल्यांची पाटी हलकी झाली आहे, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुठल्याही बंदरावर ऐकायला मिळेल. रापण ओढणाऱ्यांची आणि गळवाल्यांची पोरे मुंबईला सुरक्षारक्षक म्हणून जातात. महिन्यातून चार वेळा तुमच्यासारखे चार जण आले तर त्यातला एखादा पोरगा गावात, पाण्यावर राहतो. तुम्ही स्वतःची होडी घेऊन त्याच बंदरात बांधलीत तर तुम्ही त्याच्या जागेत गर्दी केली, आणि वर रखवालदार म्हणून त्यालाच अडीच हजारांवर ठेवलेत.

अपवाद सांगतो म्हणालो होतो. तुम्ही निवृत्त होऊन किनाऱ्यावरच्या गावी राहायला गेला असाल, पाणी घरापासून पायी अंतरावर असेल, आठवड्यातला कुठलाही दिवस तुमचा असेल आणि घरात किंवा शेजारी पाण्यातले कळणारा माणूस असेल, तर घ्या. मग ५२ फेऱ्या ही मोठी गोष्ट नाही, आणि नाही झाल्या तरी संध्याकाळी इंजिनाला गोडे पाणी पाजायला तुम्ही हजर असाल. तेव्हाही जुनी, चालती होडी घ्या आणि ती पाण्यात बघून घ्या. अंगणात रंगवून ठेवलेली नको. खाडीतच जिताडा धरायचा असेल तर इंजिनाचीही गरज नाही. साधे होडके किंवा मासेमारीची कयाक पुरते, ती गाडीच्या टपावर येते आणि गच्चीत मावते. जॅकेट तिथेही घालायचे, खाडीचा गाळ समुद्रापेक्षा दयाळू नाही.

तिसरा एक मार्ग आपल्याकडे अजून नीट रुळलेला नाही. न्यू जर्सीत राहणारी मराठी मंडळी बेलमारसारख्या बंदरातून 'पार्टी बोट'ने मासेमारीला जातात. डोईमागे तिकीट काढायचे, रॉड नसेल तर भाड्याने घ्यायचा, आमिष बोटीवरच असते, शेजारी अनोळखी माणूस उभा असतो. अख्खी बोट ठरवण्याची ऐपत किंवा चार मित्र नसले तरी चालते. हर्णै, मालवण, अलिबाग इथल्या परवानाधारक होडीवाल्यांनी महिन्यातले भांगाचे दोन दिवस ठरवून अशा फेऱ्या लावल्या तर त्यांचीही होडी भरेल आणि एकट्या गळवाल्यालाही समुद्र मिळेल. मच्छीमारांच्या सोसायट्यांनी हे मनावर घ्यावे.

तोवर तुम्ही एवढे करा. या हंगामात होडीच्या जाहिराती बघणे बंद करा. एक बंदर निवडा, दोन-तीन तांडेलांबरोबर जाऊन बघा, त्यातला एक पसंत करा आणि पुढची काही वर्षे त्याच्याकडेच जा. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तो तुम्हाला भांगाच्या आधी आपणहून फोन करेल, "साहेब, परवा या, पाणी चांगलं आहे." निघताना कुठल्या बंदरातून, कुणाच्या होडीने, किती वाजेपर्यंत परत, हे घरी लिहून ठेवा. आणि मोबाइलमध्ये आजच दोन क्रमांक साठवा : तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी जॅकेटच्या आत.